निरोपाच्या शब्दांचे सत्य

मराठी माणसाला कोलकाता म्हणजे हावडा. मुंबईहून, नागपूरहून जाणाऱ्या गाड्या त्याला हुगळीच्या पश्चिम काठावर उतरवतात. पूल ओलांडला की शहर सुरू होते. त्याच शहराचे दुसरे मोठे स्थानक, सियालदह, त्याच्या अनुभवात सहसा येत नाही. हावड्याचे तोंड पश्चिमेकडे व दक्षिणेकडे, तर सियालदहचे पूर्वेकडे व उत्तरेकडे. ईस्टर्न बेंगॉल रेल्वेने 1862 मध्ये कलकत्त्याहून कुष्टियापर्यंत लोहमार्ग नेला; 1871 मध्ये तो पद्मेच्या काठच्या गोआलंदला पोचला आणि ढाक्याचा प्रवासी तेथून पुढे आगबोटीने जाऊ लागला. पाऊणशे वर्षे पूर्व बंगालचा माणूस शिक्षणासाठी, चाकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी सियालदहला उतरत असे आणि दुर्गापूजेच्या सुटीत तेथूनच घराकडे निघत असे. ये-जा हाच या स्थानकाचा अर्थ होता. निरोपाच्या शब्दांचा नैतिक विचार करू जाता या स्थानकाची आठवण अपरिहार्य ठरते, ती एवढ्यासाठीच.

बंगाली माणूस निरोप घेताना 'आसि' म्हणतो. या शब्दाचा उच्चार 'आशि' असा होतो आणि त्याचा अर्थ 'येतो'. चुकून कोणी 'जाई' म्हणाले, तर घरातील वडीलधारे माणूस लगेच दुरुस्त करते: 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे. हा प्रसंग कोणत्याही मराठी घरातही जसाच्या तसा घडतो. प्रवासाला निघालेल्या मुलाच्या हातावर आई दही घालते आणि तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना 'येतो' म्हणतो. बंगाली घरातील आजी त्याच क्षणी 'दुग्गा, दुग्गा' असे पुटपुटते. या दोन भाषांत हजारभर मैलांचे अंतर आहे, परंतु निघताना दोघींनीही येण्याचेच क्रियापद निवडले आहे. तमिळ आणि कन्नड भाषिक 'जाऊन येतो' असे म्हणून जाण्याचा निदान उल्लेख तरी करतात. मराठी आणि बंगाली निरोपाला तेवढाही सोसवत नाही.

याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. 'गेले' हा शब्द मराठीत मृत्यूसाठी राखून ठेवलेला आहे. ज्या भाषेत बांगडी फुटत नाही, 'वाढते', आणि दिवा विझवत नाहीत, 'शांत करतात', त्या भाषेत जिवंत माणसाने स्वतःच्या तोंडाने 'जातो' म्हणणे अमंगल ठरावे यात नवल नाही. परंतु अमंगलाची भीती एवढेच सांगते की 'जातो' का टाळले. त्याच्या जागी 'येतो'च का आले, हे ती सांगत नाही. मौन, देवाचे नाव, नमस्कार असे पर्याय खुले होते. तरीही भाषेने एक विधान निवडले, आणि ते विधान वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. माणूस जात असतो आणि येत असल्याचे सांगत असतो.

जपानी भाषेने हाच प्रश्न अधिक बारकाईने सोडवला आहे. घरातून बाहेर पडणारा जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो. शब्दशः पाहता हे आपले 'जाऊन येतो'च होय. घरातील माणूस 'इत्तेराश्शाई' म्हणजे 'जाऊन या' असे उत्तर देतो. परतल्यावर 'तादाइमा' म्हणजे 'हा आत्ताच' एवढेच म्हणायचे. त्यावर 'ओकाएरी नासाई' हे उत्तर ठरलेले. त्यातील मूळ धातूचा अर्थ आपल्या ठिकाणी परतणे असा आहे. हे चार शब्द म्हणजे एक पूर्ण वर्तुळ आहे. मात्र हे वर्तुळ ज्या ठिकाणाशी माणसाची बांधिलकी असते, त्या ठिकाणापुरतेच, प्रामुख्याने घरापुरते, काढलेले असते. दुसऱ्याच्या घरून निघणारा पाहुणा 'इत्तेकिमासु' म्हणत नाही. तो 'ओजामा शिमाशिता', म्हणजे आपल्याला तसदी दिली, असे म्हणून क्षमा मागतो. हिंदी चित्रपटाने 1966 मध्ये आपल्याकडे घरोघरी पोचवलेला 'सायोनारा' हा शब्द तर घरातल्या माणसांत वापरलाच जात नाही. त्याचा मूळ अर्थ 'तसे असेल तर' एवढाच. पुढचे काही त्यात सांगितलेले नाही. परिस्थिती जशी आहे तशी मान्य करून तो शब्द थांबतो.

मराठी आणि बंगाली निरोपाचे वेगळेपण या तुलनेत उजळून दिसते. आपला 'येतो' घरापुरता मर्यादित नाही. तो शेजाऱ्याच्या ओसरीवर, परक्या गावच्या यजमानाकडे, एकदाच भेटलेल्या माणसाच्या दारातही म्हटला जातो. जपानी रीतीने जे आश्वासन केवळ स्वतःच्या ठिकाणासाठी राखले, ते येथे प्रत्येक दारात दिले जाते. आश्वासन इतके स्वस्त झाले म्हणजे त्याच्या सत्यतेविषयी शंका येणारच. परत येण्याची खात्री नसताना, कित्येकदा तसा हेतूही नसताना, 'येतो' म्हणणे हे असत्य आहे काय?

या प्रश्नाची एक सोपी विल्हेवाट लावता येते. असे शब्द अर्थ सांगण्यासाठी नसतातच, ते केवळ संबंध राखण्यासाठी असतात, असे ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्ये प्रतिपादन केले. हे मान्य केले तर 'येतो' हा निव्वळ एक ध्वनी ठरतो. ध्वनीला खरेखोटेपणा नसतो. परंतु भाषा वापरणाऱ्यांचे आचरण या मताला दुजोरा देत नाही. जेथे मृत्यू घडला आहे अशा घरून निघताना मराठी माणूस 'येतो' म्हणत नाही. तो काही न बोलता उठतो. शब्द अर्थशून्य असता, तर तो येथेही सहज उच्चारला गेला असता. ज्या घरी पुन्हा अशा कारणाने येण्याची वेळ येऊ नये, तेथे तो गिळला जातो, याचा अर्थ बोलणाऱ्याला त्याचा अर्थ पुरता ठाऊक असतो आणि तो खरा ठरेल याची धास्तीही असते.

दुसरे टोक कांटचे आहे. 1797 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्याने परोपकारासाठीही असत्याची सवलत नाकारली. त्या कसोटीवर निरोप घेणारे बहुतेक सगळेच दोषी ठरतील. आपल्याकडील धर्मशास्त्र इतके कठोर नाही. सत्य प्रिय असावे आणि प्रिय ते असत्य नसावे, असा दुहेरी दंडक मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. परंतु नेमकी अडचण हीच आहे. 'येतो' प्रिय आहे हे निर्विवाद. ते असत्य नाही हे कशावरून?

येथे जे. एल. ऑस्टिनने 1955 च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत मांडलेला भेद उपयोगी पडतो. काही वाक्ये जगाचे वर्णन करीत नाहीत, ती स्वतःच एक कृती असतात. वचन देणे हे त्याचे ठळक उदाहरण. 'येतो' हे भविष्याचे वर्तमान नव्हे, ते वचन आहे असे मानले, की खऱ्याखोट्याचा प्रश्न पाळण्या-मोडण्याचा होतो. तरीही एक गाठ शिल्लक राहते. साधारणतः वचनाची पूर्तता वचन देणाऱ्याच्या हाती असते. 'येतो'ची पूर्तता त्याच्या एकट्याच्या हाती नसते. दार उघडे असेल तरच येता येते, आणि दार उघडे ठेवणे हे मागे राहिलेल्याचे काम आहे.

म्हणूनच या शब्दाला उत्तर लागते, आणि त्या उत्तराकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'येतो' म्हणणाऱ्याला मराठी यजमान 'या' म्हणतो. बंगाली यजमान 'एसो' किंवा 'आसुन' म्हणतो. नवलाची गोष्ट अशी, की दारात आलेल्याचे स्वागतही याच शब्दाने होते. जपानी भाषेने जाणाऱ्यासाठी एक आणि परतणाऱ्यासाठी दुसरा शब्द ठेवला. मराठी आणि बंगालीने एकाच शब्दात दोन्ही बसवले. येणाऱ्याला 'या' आणि जाणाऱ्यालाही 'या'. निरोप देतानाच पुढच्या स्वागताचा शब्द उच्चारून ठेवलेला असतो. म्हणजे वचन एकाचे नाही, दोघांचे आहे. किंबहुना दोहोंपैकी जड वचन मागे राहणाऱ्याचे आहे.

सियालदहने या वचनाची जी परीक्षा पाहिली तिला तोड नाही. 1947 च्या फाळणीनंतर, आणि 1950 च्या आरंभी खुलना-बारिसाल भागात उसळलेल्या हिंसाचारानंतर तर लोंढ्यांनी, पूर्व बंगालची हिंदू कुटुंबे या स्थानकावर उतरली. अनेकांनी फलाटांवरच संसार मांडले. मुले तेथे जन्मली, माणसे तेथे मेली. या निर्वासितांच्या आठवणींत एक तपशील पुनःपुन्हा येतो: घराला कुलूप लावले आणि किल्ली शेजाऱ्याच्या हाती दिली. शेजारी कित्येकदा मुसलमान असे. किल्ली देणे हे 'येतो'चेच दृश्य रूप होते. दंगा शमला की परतायचे, असेच पुष्कळांच्या मनात होते. 1950 च्या एप्रिलमधील नेहरू-लियाकत करारानंतर काहीजण परतलेही. 1952 च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांत पारपत्राची सक्ती आली आणि कायम राहायला येणाऱ्याला स्थलांतराचा दाखला मागितला जाऊ लागला. जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडाबाहेर काढू नये म्हणून शिकवले होते, तो 'जातो' हा शब्द आता सरकारी कागदावर लिहून द्यावा लागे. सियालदहहून सीमेपलीकडे जाणाऱ्या ईस्ट बेंगॉल एक्सप्रेस, बारिसाल एक्सप्रेस या गाड्या तरीही धावत राहिल्या. 1965 च्या युद्धाने त्याही थांबवल्या. कोलकाता-ढाका थेट प्रवासी गाडी पुन्हा सुरू व्हायला 2008 साल उजाडले. ती सियालदहहून नव्हे, चितपूरच्या नव्या स्थानकावरून सुटली, आणि 2024 च्या जुलैमध्ये तीही खंडित झाली.

हरिप्रभा ताकेदा यांचे आयुष्य या संदर्भात आठवते. ढाक्याच्या या बंगाली स्त्रीने उएमोन ताकेदा या जपानी उद्योजकाशी विवाह केला, 1912 मध्ये ती सासर पाहण्यासाठी जपानला गेली, आणि परतल्यावर 1915 मध्ये तिने 'बंगमहिलार जापानयात्रा' हे पुस्तक प्रसिद्ध केले. 'आसि' आणि 'इत्तेकिमासु' हे दोन्ही शब्द तिच्या आयुष्यात जगून झाले होते. 1941 मध्ये ती पतीसह पुन्हा जपानला गेली. युद्ध संपल्यावर ती परतली, परंतु ढाक्याला नव्हे. ढाका तोवर परदेश झाला होता. तिचे परतणे पश्चिम बंगालमधील जलपाईगुडीला झाले. तिने शब्द मोडला असे कोणी म्हणणार नाही. ती आली होती. दार जागेवर नव्हते.

दोषाचा विचार येथून नव्याने करावा लागतो. दार उघडे आहे, वाटखर्चाची ददात नाही, वृद्ध आईवडील वाट पाहत आहेत, आणि परदेशी स्थायिक झालेला मुलगा दर खेपेला विमानतळावर 'येतो' म्हणून वर्षानुवर्षे येत नाही. तेथे वचनभंग त्याचा आहे आणि भाषेच्या संकेताआड त्याला लपता येणार नाही. याउलट सियालदहच्या फलाटावर उतरलेल्या माणसाचे 'आसि' खरे ठरले नाही, तरी खोटे त्याच्या पदरी टाकता येत नाही. ते ज्यांनी दार बंद केले त्यांचे आहे: दंगल करणाऱ्यांचे, सीमा आखणाऱ्यांचे, घरे बळकावणाऱ्यांचे. पश्चिम बंगालमधून त्याच काळात उलट दिशेने गेलेल्या मुसलमान कुटुंबांनीही 'आसि'च म्हटले होते, हे विसरले तर हा सारा विचार एकांगी होईल.

दक्षिणारंजन बसू यांनी 'युगांतर' दैनिकातून निर्वासितांच्या गावांविषयी जी लेखमाला प्रसिद्ध केली, तिचे नाव 'छेडे आसा ग्राम' म्हणजे 'सोडून आलेले गाव'. निघताना 'आसि' म्हणणाऱ्यांच्या वाट्याला तेच क्रियापद पुन्हा आले, पण त्याची दिशा पालटली होती. घराकडे येण्याचे वचन देणारा धातू आता घरापासून दूर आल्याची कबुली देत होता.

आणि आलेल्यांना 'आसुन' कोणी म्हटले? स्वयंसेवकांनी अन्न दिले, काही घरांनी आप्तांना सामावून घेतले. पुष्कळांना मात्र लस, शिधा आणि छावणीचा पत्ता एवढेच मिळाले. 1964 च्या दंगलींनंतर आलेल्यांना रायपूरजवळील माना येथील छावणीत नेण्यात आले. त्या दशकात निर्वासितांपैकी काही कुटुंबे महाराष्ट्रातही, तेव्हाच्या चंद्रपूर आणि 1982 पासूनच्या गडचिरोली जिल्ह्यात, वसवली गेली. चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत त्यांची गावे आजही आहेत. तेथे भातशेती करणाऱ्या बंगाली माणसाला घरात 'आसि' म्हणावे लागते आणि तालुक्याच्या बाजारात 'येतो'. शब्द बदलला, तरी त्याला अर्थाची नवी शिकवणी घ्यावी लागली नसेल. प्रश्न उरतो तो उत्तराचा. ज्याचे पहिले दार बंद झाले, त्याच्या 'येतो'ला दुसऱ्या दारातून 'या' असे उत्तर मिळाले, तरच ते वचन काही अंशी पुरे होते. ते उत्तर देणे ज्यांच्या हाती आहे, ते बहुधा कधीच कोठे न गेलेले, आपल्याच उंबऱ्यावर उभे असलेले लोक असतात.