बेसूर कोणास म्हणावे?

‘बेसूर’ हा शब्द सांप्रत फार स्वस्त झाला आहे. कोणाचा आवाज पेटीशी जुळला नाही की लागलीच शिक्का बसतो. हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाचा, आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न डहाणू-तलासरीच्या बाजूस कीर्तनानिमित्त फिरताना आम्हांस वारंवार पडला. तो नुसता गाण्याचा नाही. मनुष्यास पंक्तीतून उठवावे की नाही, असा तो आहे.

प्रथम शब्द पाहू. नादात कानाला निराळे ओळखू येणारे जे सूक्ष्म भेद, त्या श्रुति. ऐकू येते ती श्रुति, इतकी साधी व्युत्पत्ति. सप्तकात त्या २२ मानल्या असून षड्जापासून निषादापर्यंत त्यांची वाटणी ४, ३, २, ४, ४, ३, २ अशी आहे. तेराव्या शतकात देवगिरीस सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्यातही श्रुति बावीसच. आता पेटी पाहा. तिच्या सप्तकात पट्ट्या १२. बावीस खोल्यांच्या वाड्याला बाराच दारे! आणि षड्ज म्हणजे सहांना जन्म देणारा. तो कोण्या पट्टीचा बांधील नाही. ज्याने त्याने आपल्या गळ्याला मानवेल तिथे तो धरायचा. बाकीचे सहा त्याच्या नात्याने येतात.

तलासरीकडील एका पाड्यावर सप्ताहात एक वृद्ध वारली माळकरी टाळ घेऊन उभा राहिला. पेटी काळी दोनला, म्हाताऱ्याचा गळा तिच्या खाली. दोन अभंग झाल्यावर पेटीवाला पोरगा म्हणाला, “बाबा, तुम्ही नुसता टाळ वाजवा, म्हणू नका.” म्हातारा गप्प झाला. आम्ही कान देऊन होतो. त्याचा षड्ज दोन्ही अभंगांत तसूभर ढळला नव्हता. आम्ही पेटी पांढरी एकला उतरवायला लावली. पोरगा कुरकुरला, पण उतरली.

तारप्यापाशी हा वाद खरा अवघड होतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांध्यांना मेण. वाजविणारा गालांत वारा धरून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. भात घरात आले की तो मध्ये उभा राहतो आणि त्याच्याभोवती फेर चालतो. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री २०११, निधन २०१८) यांच्या चित्रांतून हा फेर साऱ्या जगाने डोळ्यांनी पाहिला. कानांनी मात्र थोड्यांनीच.

यात सूर मोजके, म्हणून हे संगीतच नव्हे, असे काही शिकलेले गवई म्हणतात. त्यांना आधारही आहे. चार वा कमी स्वरांचे गान मार्गात मोडत नाही, ते शबर-पुलिंदादिकांत चालते, असे मतंगमुनींच्या ‘बृहद्देशी’त आहे. ते आम्ही लपवीत नाही. परंतु शास्त्रातच एका स्वराच्या गानास आर्चिक, दोहोंच्या गानास गाथिक आणि तिहींच्या गानास सामिक म्हटले आहे. ही नावे कुठून आली? ऋचा, गाथा आणि साम यांवरून! स्वर मोजून हीनपणा ठरवायचा, तर उदात्त, अनुदात्त, स्वरित एवढ्या तिहींवर चालणारा ऋग्वेदपाठही हीन ठरतो. असे बोलायला कोणता शास्त्री धजेल? एतावता मतंगांचे वचन वर्गवारीचे आहे, निंदेचे नव्हे. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘देशी’ आहे.

मग बेसूर कोणी नाहीच का? आहे तर! स्वतः धरलेला षड्ज जो सोडतो तो, आणि शेजाऱ्याचे न ऐकता रेटून गातो तोही. शास्त्रात दोन स्वरांचा संवाद नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावर सांगितला आहे. स्वर एकच असेल तर एकरूपता होईल, संवाद कसला? तेव्हा तारप्याला आमची चाल शिकवून ‘सुधारण्या’ची हौस काही मंडळींना आहे, ती त्यांनी आवरावी. आमची वीणा तरी कुठे चाल वाजविते? विणेकरी मध्ये उभा राहून आधार धरतो, एवढेच.

राहता राहिला पट्टीचा व्यवहार. परगावी गेल्यावर तिथले म्हातारे कुठल्या सुरात म्हणतात ते आधी ऐकावे, मग पट्टी ठरवावी. पेटीचे काय, ती बोट सरकवले की उतरते; पखवाजाचे गठ्ठे मात्र ठोकावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. म्हणून हे काम हरिपाठ सुटताच उरकून घ्यावे. श्रोते बसल्यावर ठोकाठोक नको.