सूर्याला पुण्य लागते काय?

दान कशाला म्हणावे? घरात उरलेले दिले तर ते दान, की देणाऱ्याचे स्वतःचे काही घटले तरच ते दान? हा विचार करताना घटकाभर सूर्याकडे पाहू.

सूर्य जळतो असे आपण म्हणतो. पण चुलीत लाकूड जळते तसा तो जळत नाही. तो कोळशाचा गोळा असता, तर काही हजार वर्षांतच त्याची राख झाली असती. मागच्या काळी केल्व्हिन, हेल्महोल्ट्झ या पंडितांनी तर्क केला, की तो आपल्याच भाराने आकसतो व त्यामुळे तापतो. पण त्या हिशेबाने त्याचे आयुष्य काही कोटी वर्षेच भरे, आणि पृथ्वीवरचे खडक तर त्याहून कितीतरी जुने निघाले! पुढे १९२० साली एडिंग्टन यांनी वाट दाखविली, आणि १९३९ साली हान्स बेथे यांनी सारा हिशेब मांडला. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश उष्णता आहे. तेथे हायड्रोजनचे चार अणुगर्भ टप्प्याटप्प्याने एकवटून हेलियमचा एक गर्भ होतो. त्या एकाचे वजन चौघांपेक्षा शेकडा ०.७ इतके कमी भरते. घटले ते गेले कुठे? त्याचेच ऊन झाले. दर सेकंदाला सूर्याचे सुमारे ४० लाख टन द्रव्य असे खर्ची पडते. म्हणजे अंगणात पडलेले ऊन हे सूर्याचे उरलेसुरले नव्हे, ते त्याचे अंगच होय.

कोणी म्हणेल, "अहो, सूर्य तर जड! देणार नाही म्हटले तरी त्याला जमायचे नाही. मग त्याला पुण्य कसले?" बरोबर आहे. जिथे 'नाही' म्हणता येते, तिथेच पुण्याचा प्रश्न येतो. तेव्हा हा प्रश्न सूर्याचा नव्हे, तुमचा-आमचा आहे.

आणखी एक नवल पाहा. वजनास वजन धरले, तर माणसाचा देह सूर्याहून कितीतरी अधिक ऊब देतो! सूर्याचे देणे भडक नाही, धिमे आहे. गाभा जास्त तापला की तो फुगतो, निवतो आणि देणे आवरते. निवला की आकसून पुन्हा तापतो. म्हणूनच सुमारे ४६० कोटी वर्षे तो टिकला आहे, आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल.

आता आपल्याकडे वळू. एखादा गृहस्थ वर्षातून एकदा हजार पानांची पंगत घालतो. लोक वाहवा करतात. पण घरातल्या म्हाताऱ्या आईजवळ रोज घटकाभर बसायला त्याला सवड नसते. पैसा गेला तर पुन्हा मिळतो; गेलेली घटका मात्र आयुष्यातून कायमची वजा होते. पंगत वाईट असे कोण म्हणेल? पण आपल्या अंगचे घटते ते त्या घटकेत. तेवढे रोज, थोडे थोडे, न बोलता देता आले, तर दान म्हणजे काय हे निराळे सांगावे लागणार नाही.