पुस्तकाला कान नसतात

फ्रान्सच्या राजदरबारातला वादक आणि संगीतकार फ्रांस्वा कूपरँ याने १७१६ मध्ये पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, हार्पसिकॉर्ड, कसं वाजवावं यावर एक छोटेखानी पुस्तक छापलं. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने फ्लॉरेन्समध्ये पियानो घडवला होता खरा, पण तो अजून फारसा कोणाला ठाऊक नव्हता. कूपरँ या पुस्तकात सांगतो, की सुरुवातीच्या दिवसांत मुलांना शिक्षकाच्या माघारी वाजवू देऊ नये. तो स्वतः शिकवणी संपली की वाद्याला कुलूप लावून किल्ली बरोबर घेऊन जाई. पाऊण तास कष्टाने जे बसवलं, ते मुलं एका क्षणात बिघडवून ठेवतात, अशी त्याला धास्ती होती.

या किल्लीत एक जुनं शहाणपण आहे. नवशिक्याच्या हातून जे निघतं ते कोणीतरी जाणत्याने ऐकलं पाहिजे, नाहीतर रियाजाने चूकच पक्की होते. त्या काळातली आणि नंतरचीही पुस्तकं हे गृहीत धरूनच लिहिली गेली. फर्डिनांड बायर या जर्मन लेखकाचं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निघालेलं प्राथमिक पुस्तक घ्या. त्यात १०६ पाठ आहेत. अगदी पहिल्या पाठांत विद्यार्थी एका हाताने पाचच स्वर वाजवतो आणि साथीचा भाग शेजारी बसलेल्या शिक्षकासाठी छापलेला असतो. म्हणजे शिक्षक पुस्तकातच बसवलेला आहे. १८८० च्या सुमारास हे पुस्तक जपानमध्ये गेलं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचा पियानोशी परिचय त्याच्यावरच झाला.

आज पन्नाशीच्या आसपास पियानो शिकायला घेणारा माणूस मात्र बहुतेक वेळा कूपरँला ज्याची धास्ती होती तेच करतो. घरात डिजिटल पियानो येतो, वर आल्फ्रेडचं किंवा फेबरचं प्रौढांसाठीचं पुस्तक उघडून ठेवलेलं असतं आणि शेजारी कोणी नसतं. ही पुस्तकं चांगली आहेत, हे मी मनापासून म्हणतो. मुलांच्या पुस्तकांतली अस्वलं नि फुगे त्यांत नाहीत, मजकूर नेमका आहे, आणि कॉर्डपर्यंत, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या जुळणीपर्यंत, ती लवकर नेतात, कारण मोठ्या माणसाला आपण काहीतरी पुरं वाजवलं असं लवकर वाटावं लागतं. पण पुस्तक कितीही चांगलं असलं तरी त्याला कान नसतात. पान उलटायला ते कधीच हरकत घेत नाही.

शिक्षक लावला तरी आपल्याकडे एक अडचण राहतेच. मुंबई-पुण्यात नाहीतर पणजीत पियानो शिकवणारी मुलगी बरेचदा पंचविशीची असते आणि समोरचा विद्यार्थी तिच्या वडिलांच्या वयाचा. आठ वर्षांच्या मुलाला ती सरळ म्हणते, "चुकलं, पुन्हा." इथे मात्र, "काका, डावा हात एकदा वेगळा वाजवून बघता का?" काका वाजवतात. लय तिथेच अडखळते. ती क्षणभर थांबते आणि म्हणते, "छान, काका. घरी बघा हं जरा." तिच्या जागी मी असतो तरी वेगळं बोललो नसतो. वयाची भीड ही आपल्या संस्कारातली गोष्ट आहे आणि तिच्यात आपुलकीही आहे. पण तिच्यामुळे होतं असं, की मोठ्या विद्यार्थ्याला त्याचं वाजवणं कसं ऐकू येतं हे कोणी धडपणे सांगत नाही.

मग ऐकायचं कोणी? माझं म्हणणं असं, की त्याने स्वतः, आणि ते त्याला जमण्यासारखं आहे. लहान मुलाचा कान आणि हात बरोबरीने वाढतात. प्रौढाचा कान हाताच्या चाळीस वर्षं पुढे असतो. त्याने आयुष्यभर रेडिओ ऐकला, नाट्यपदं ऐकली, भावगीतं पाठ केली, एखाद्या गायकाचा सूर कुठे किंचित उतरला ते त्याला कळतं. हाच कान पहिल्या महिन्यात त्याच्या जिवावर उठतो. आपल्या बोटांतून निघणारं ऐकवत नाही, म्हणून तो पियानोवर कापड टाकतो आणि सांगतो, या वयात बोटं वळत नाहीत. बोटांवर हा आळ उगाच येतो. उकडीच्या मोदकाला एकसारख्या कळ्या पाडणाऱ्या बोटांना पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांत अवघड असं काही नाही. माणसं सोडून जातात ती त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येतं म्हणून. आणि शिक्षकाच्या जागी बसवण्यासारखं त्यांच्याजवळ जे एक आहे, ते हेच ऐकू येणं.

पुस्तकातून संगीत शिकण्याचा वाद आपल्याला नवा नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतल्या गायकांकडून बंदिशी मिळवल्या, त्यांची स्वरलिपी केली आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. त्याच सुमारास पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनीही आपली स्वरलेखन पद्धत तयार करून पुस्तकं काढली. त्यावर आक्षेप असा होता, की मींड, आंदोलन, स्वराचा लगाव हे कागदावर उतरत नाही, ते गुरूच्या गळ्यातूनच घ्यावं लागतं. आक्षेप खरा होता आणि पुस्तकंही हवीच होती. ज्याने एखादा राग भरपूर ऐकला आहे, त्याला क्रमिक पुस्तकातली बंदिश वाचताना कागदावर नसलेलं ऐकू येतं. ज्याने तो ऐकलेलाच नाही, त्याच्या हाती नुसती स्वरांची यादी लागते. पुस्तक दोघांना तेच. फरक पडतो तो कानाचा.

पियानोचंही असंच आहे. कोणती पट्टी, किती मात्रा, कोणतं बोट, हे पुस्तक बिनचूक सांगतं. पट्टी किती वेगाने खाली जावी हे ते जेमतेम सुचवतं, आणि पियानोचा आवाज तर त्या वेगावरच ठरतो. हातोडी तारेवर आपटून मागे आली की त्या स्वराचं पुढे काही करता येत नाही. तो विरतच जातो.

इथे मराठी घरांतून आलेल्या कानाला आणि हाताला एक खास पेच पडतो. आपल्याकडे पट्ट्यांशी पहिली ओळख होते ती बहुधा पेटीवर. पेटीत उजवा हात गातो आणि डावा भाता मारतो. भात्यात हवा असेपर्यंत सूर टिकतो, आणि पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावर ठरतो. शिवाय षड्ज आपण गळ्याला सोयीचा धरतो, कोणाचा काळी एक, कोणाचा काळी चार. पियानोसमोर बसल्यावर हे सगळं उलटतं. सूर धरून ठेवता येत नाही, दाब सगळा बोटात येतो आणि आजवर भाता मारणाऱ्या डाव्या हाताला स्वतःचं बोलणं सुरू करावं लागतं.

हे बोलणं सुरू होतं ते पान जरा जवळून पाहू. प्रौढांच्या पुस्तकात डाव्या हाताची पहिली जोडी सहसा सी कॉर्ड आणि जी सेव्हन यांची असते. सी कॉर्डला करंगळी सीवर, मधलं बोट ईवर, अंगठा जीवर. जी सेव्हनच्या सोप्या रूपात अंगठा जागचा हलत नाही. करंगळी शेजारच्या बीवर उतरते, मधलं बोट उचललं जातं आणि तर्जनी एफवर पडते. हालचाल इंचभराचीही नाही. पण तिन्ही स्वर एकदम पडायला हवेत, आणि त्याच वेळी उजव्या हातातली चाल थांबता कामा नये. सुरुवातीला करंगळी आधी पोचते, तर्जनी मागून येते आणि कॉर्ड एकसंध न वाजता विस्कटून पडतो. पुस्तक सांगतं, दोन्ही कॉर्ड आलटून पालटून वाजवा. ते योग्यच आहे. पण नुसतं बोटांकडे पाहून हे सुटत नाही. त्यापेक्षा डोळे मिटून न हललेल्या अंगठ्याचा जी ऐकावा. तो दोन्ही कॉर्डमध्ये आहे, आपल्या तानपुऱ्यातल्या पंचमासारखा मागे उभा आहे. एकदा तो ऐकू आला की बाकीची दोन बोटं त्याच्याभोवती जागा शोधतात. पेटीवर वाढलेल्या कानाला एकच चाल ऐकायची सवय असते. खालचा दुसरा धागा ऐकायला तो इथे शिकतो, आणि त्याला ते पटकन जमतं, कारण आधार स्वर धरून ऐकणं त्याला मुळातच ठाऊक आहे.

या कानाचा एक मोह मात्र ओळखायला हवा. पानावर ओळखीची चाल आली की कान पुढे धावतो आणि डोळे वाचायचं सोडतात. बोटं ऐकीव चालीमागे जातात, पाच रेघांवरचे ठिपके नुसते शोभेला उरतात. काही जण पट्ट्यांवर अक्षरांच्या चिकट्या लावतात. त्या तर मला मुळीच आवडत नाहीत, त्या वाचायची गरजच संपवतात. यावरचा सर्वांत चांगला उतारा हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक याच्या 'मिक्रोकॉस्मॉस'मध्ये आहे. सहा खंड, १५३ रचना, १९२६ ते १९३९ या काळात रचलेल्या. पहिले दोन खंड त्याने आपला मुलगा पीटर याला अर्पण केले, पण प्रस्तावनेत पहिले चार खंड लहान-मोठ्या सर्वच नवशिक्यांसाठी असल्याचं तो म्हणतो. सुरुवातीच्या सहा रचनांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात. ऐकायला त्या इतक्या अनोळखी, की कानाला आठवणीतून काही उचलता येत नाही. आधी वाचावं लागतं, मग ऐकावं लागतं. प्रौढ विद्यार्थ्याने नेहमीच्या पुस्तकाबरोबर रोज बार्तोकची चार ओळींची एक रचना जरूर घ्यावी. कान आणि डोळा यांना एकमेकांवर विसंबायची खोड त्यामुळे लागत नाही.

पुस्तकांचा क्रम लावताना कोणाची सोय पाहिली आहे, हेही मोठ्या माणसाने समजून घ्यावं. जवळजवळ सगळी पुस्तकं पांढऱ्या पट्ट्यांवर, सीपासून सुरू होतात, कारण कागदावर ते सर्वांत सोपं दिसतं. पोलिश संगीतकार शोपँ शिकवायचा तो वेगळ्या टोकाकडून. त्याने पियानोची एक पद्धत लिहायला घेतली होती, ती अपुरीच राहिली. पण हात कुठे ठेवावा हे त्याने त्यात स्पष्ट सांगितलं आहे. अंगठा ईवर, करंगळी बीवर आणि मधली तीन लांब बोटं तीन काळ्या पट्ट्यांवर. लांब बोटांना उंच पट्ट्या मिळतात आणि पंजा आपोआप गोलावतो. सी मेजर वाचायला सोपं पण हाताला अवघड, असं तो मानायचा. पुरुषांच्या रुंद पंजाला हे फार लवकर पटतं. पुस्तकातला पाठ संपल्यावर दोन मिनिटं शोपँच्या जागी हात ठेवून बसावं. मनगट सैल कसं राहतं ते तिथे कळतं, आणि ते एकदा कळलं की सीवर परतल्यावर आवाजही बदलतो.

आता ऐकण्याबद्दल. बोटं कामात असताना कान अर्धाच ऐकतो, हे प्रत्येक नवशिक्याच्या अनुभवाचं आहे. कूपरँने चेहरा वेडावाकडा करणाऱ्या वादकांना वाद्यावर आरसा ठेवायला सांगितलं होतं. स्वतःला स्वतःच सुधारायचा मार्ग त्यानेही मोकळा ठेवला होता म्हणायचा. आज तो आरसा फोनमध्ये आहे. आठ मात्रा वाजवून ध्वनिमुद्रण करावं, पियानोपासून उठून लांब बसावं आणि दुसऱ्या कोणाचं ऐकावं तसं ऐकावं. नाट्यसंगीताच्या बैठकीत ज्या कानाने आपण दाद देतो, तोच कान इथे लावायचा. चूक मोजायला नाही, चाल कुठे श्वास घेते ते पाहायला.

असं ऐकणाऱ्याला पुस्तकाच्या पुढे जाऊनही काही सापडतं. बीथोव्हनच्या १८२४ च्या नवव्या सिम्फनीतली आनंदगानाची चाल जवळपास प्रत्येक पुस्तकात असते, कारण ती मुख्यतः पाचच स्वरांत फिरते. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती एकदाच खाली, पाच बोटांच्या बाहेरच्या जीवर उतरते, आणि लगेच, चौथ्या मात्रेवरच, शेवटची ओळ सुरू करून टाकते. समेची वाट न पाहता चाल आत शिरते आणि सम त्या लांबलेल्या स्वराच्या पोटात जाते. अनेक प्राथमिक पुस्तकं ही जागा सरळ करून समेवर आणतात. नवशिक्यासाठी ते ठीकच आहे. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त बाई पुस्तकातलं हे पान वाजवत होत्या. दोन-तीनदा वाजवून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे काहीतरी कमी आहे. ती ओळ आधी येते." त्यांनी सिम्फनी अनेकदा ऐकलेली होती. मग पेन्सिल घेऊन पुस्तकातला तो स्वर त्यांनी एक मात्रा अलीकडे ओढला, पुढच्या स्वराशी कमानीने जोडला, आणि डाव्या हाताचा कॉर्ड त्याखाली कधी पडायचा याच्या खटपटीला लागल्या. ते बसायला त्यांना पंधरवडा लागला, कारण उजवा हात समेवर गप्प असताना डाव्याने एकट्याने सम द्यायची, हे पुस्तकात अजून बऱ्याच पानांनंतर येणार होतं.