खुंट्यांची फळी

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात एका बुरुडाच्या घरी दोन भावंडं होती. थोरला भाऊ हाताचा सफाईदार, धाकटी बहीण सावकाश काम करणारी. सूप-टोपल्यांवर घर चालेना, म्हणून दोघं बांबूच्या खुर्च्या करू लागली. बांबूला त्या मुलखात तोटा नाही. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेनं आपल्या जंगलातला बांबू आपणच विकायचा हक्क भांडून मिळवला आणि २०११ साली वाहतुकीचे परवाने तिच्या हाती आले. बांबूच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट आपल्याकडे घडलेली नाही, असं मला वाटतं.

एकदा खुर्च्यांच्या हातांची मोठी ऑर्डर आली. सगळ्यांचा बाक एकसारखा हवा होता. थोरल्यानं साचा सागवानात कोरला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवानच गेलं होतं. त्यात खोट कसली निघणार, असं त्याचं म्हणणं. साचा देखणा झाला.

मग कामटी विस्तवावर शेकायची, तिला घाम फुटला की साच्यात दाबायची, पाचरी ठोकायच्या आणि गार होऊ द्यायची. पण साच्यातून सुटताच एक कामटी बोटभर उलगडे, दुसरी दोन बोटं, तिसरी होती तशीच राही. एकाच खुर्चीचे दोन हात जुळेनात. थोरला बांबूवर चिडला. जंगल बदललं, तोडणारा बदलला, तरी तेच.

आईनं दोन तुकडे उचलून त्याच्यापुढं धरले. "हा मानवेल, आतून भरीव. हा कटांग, पोकळ. त्यातही एक कोवळा, एक जून. बांबूले कायले नावं ठेवतोस बाबू? त्यानं साच्याचं ऐकावं वाटते, तर आधी साच्यानं त्याचं ऐकावं."

धाकटीनं हे मनावर घेतलं. जुन्या दाराची फळी आडवी टाकून तिनं गिरमिटानं भोकांच्या ओळी पाडल्या आणि त्यांत बसतील अशा खुंट्या तासल्या. बाक हवा तसा खुंट्या लावायच्या. कामटी सुटल्यावर किती उलगडते ते पाहायचं आणि पुढच्या खेपेला खुंट्या तेवढ्याच पुढं सरकवून तिला जास्त वाकवायचं, म्हणजे ती उलगडून हव्या त्या बाकावर येते. अशी युक्ती दूरही चालते. बर्फाच्या मुलखात घरी स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळ्या, बनवणारे लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून साच्यात दाबतात. टोकाचा बाक बदलता यावा, म्हणून त्यांच्यातलेही काही जण सरकते तुकडे असलेला साचा करतात.

सुरुवातीच्या कामट्या तिच्याही वाया गेल्या. मग मानवेलासाठी कोणतं भोक, कटांगासाठी कोणतं, याच्या खुणा तिनं कोळशानं फळीवर केल्या. हातांची ऑर्डर पुरी झाली. पुढं पाळण्याची कमान आली, दिव्याची शेड आली. फळी तीच राहिली.

एका संध्याकाळी थोरला तिच्याकडं आला. "बाई, भोकं किती अंतरावर पाडलीस?"

"माझी मोजून काय उपयोग दादा? तुझी कामटी आधी वाकवून पाहा."

त्यानं गिरमिट मागून घेतलं आणि सागवानाच्या साच्याला पहिलं भोक पाडलं. खुंटी ठोकून कामटी दाबली. सुटल्यावर ती दोन बोटं उलगडली. त्यानं पुढचं भोक दोन बोटं सरकवून पाडलं.