देऊळ फिरतं, पण चौकटीत कसं?

१९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज नावाचा नायक बाजारात आणला. हिरव्या कातडीचा, मनगटातून साप सोडणारा, फुंकरीत विष असलेला. पहिल्या गोष्टीत मात्र तो नायक नसतोच. प्रोफेसर नागमणीने दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी तयार केलेलं ते एक हत्यार असतं. त्याला एका देवळातली सोन्याची मूर्ती पळवायला पाठवतात, तिथे त्याची गाठ बाबा गोरखनाथांशी पडते आणि त्याच्या डोक्यात बसवलेली कुपी काढून बाबा त्याला मोकळं करतात. कल्पना प्रकाशक राजकुमार गुप्ता यांची, लेखणी परशुराम शर्मांची आणि कुंचला प्रताप मुळीक यांचा. पुढे संजय अष्टपुत्रे, चंदू, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे असे हात त्याला लागत गेले. उत्तरेच्या पोरांनी डोक्यावर घेतलेला हा हिंदी हिरो पहिली काही वर्षं बराचसा मराठी हातांनी घडला, हे मराठी वाचकाच्या फारसं गावीही नसतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला नागराज अनुपम सिन्हांकडे आला. ते लिहिणारेही होते आणि काढणारेही. त्यांनी नागराजचा जन्मच बदलून टाकला. तो आता प्रयोगशाळेतली निर्मिती राहिला नाही, तक्षकनगरच्या राजा तक्षकराजाचा मुलगा झाला. जुन्या वाचकांनी कुरकुर केली असेल, पण मालिका त्या बदलावर उभी राहिली आणि आज बहुतेकांच्या डोक्यात नागराज म्हणजे सिन्हांचाच नागराज असतो. मग तो नेमका कोणाचा? सुपरहिरोच्या कॉमिकबद्दल बोलताना हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. कादंबरीवर एक नाव असतं. इथे कथा एकाची, पेन्सिल दुसऱ्याची, शाई तिसऱ्याची, रंग चौथ्याचे. फुग्यांतली अक्षरं कोणी काढली हे तर कोणी विचारतही नाही.

हिंगोली जिल्ह्यात बसून असं कॉमिक करायचं म्हटलं, तर साहित्याची टंचाई नाही. नागराजाला गोरखनाथ भेटले, तर इथे औंढ्याला खुद्द नागनाथ आहे. कयाधूच्या काठचं नर्सी हे परंपरेने नामदेवांचं जन्मगाव. आणि नामदेवांची गोष्ट सुपरहिरोच्या मापानेही मोजावी अशी आहे, फक्त तिची चाल उलटी आहे. परदेशी कॉमिकमधल्या पोराला कोळी चावतो आणि ताकद येते. नामदेवांना आधी विठ्ठल भेटलेला आहे, देव त्यांच्या हातचं जेवतो आहे, सगळी ताकद पहिल्या पानावरच मिळालेली. मग गोरोबाकाका संतमेळ्यात थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत येतात आणि नामदेवांपाशी थांबून सांगतात की हे मडकं कच्चं आहे. नायकाचा उगम अपमानातून. तो रुसून विठ्ठलाकडे जातो, विठ्ठल त्याला गुरू करायला धाडतो आणि तो औंढ्याला येतो. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंड उगवते. चित्रकाराला याहून सोपं पान मिळणार नाही: तीच चौकट तीनदा, पाय बदलतात, पिंड बदलत नाही.

त्याच औंढ्याची दुसरी गोष्ट मात्र चित्रकाराचा घाम काढणारी. नामदेव देवळासमोर कीर्तन करतात, पुजारी त्यांना हटकतात आणि मागे जायला लावतात. ते मागच्या अंगाला जाऊन कीर्तन सुरू करतात आणि देऊळ फिरून त्यांच्याकडे तोंड करतं. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यांतही आला आहे. म्हणजे ही गोष्ट औंढ्यापासून पंजाबपर्यंत सांगितली गेली.

लेखक पटकथेत लिहितो: ‘देऊळ फिरतं.’ दोन शब्द. त्याचं काम झालं, तो चहाला गेला. आता चित्रकाराने काय करायचं? चित्र हलत नाही. देवळाभोवती वेगाच्या वक्र रेषा ओढल्या तर देऊळ भोवऱ्यासारखं दिसेल आणि वाचक हसेल. देऊळ तिरकं काढलं तर पडतंय असं वाटेल. आधीच्या चौकटीत दार डावीकडे आणि पुढच्या चौकटीत उजवीकडे दाखवलं, तर वाचक समजेल की चित्रकाराने बाजू बदलली. कॉमिकमध्ये आपण पात्राच्या भोवती फिरतच असतो, त्यामुळे वास्तू फिरली की पाहणारा फिरला, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. काहीतरी स्थिर लागतं.

ते स्थिर औंढ्यातच आहे. नंदी. शिवाच्या देवळात नंदी पिंडीकडे तोंड करून समोर असायचा. इथे तो देवळाच्या मागच्या अंगाला पडला आहे आणि लोक त्याचं कारण हेच सांगतात की देऊळ फिरलं, नंदी जागच्या जागी राहिला. मग पान असं बसतं: चारही चौकटींत नंदी त्याच कोपऱ्यात, त्याच मापाचा, एक रेषही न बदलता. पहिल्या चौकटीत त्याच्यासमोर दार. दुसऱ्यात दाराचा अर्धाच भाग आणि कोपऱ्याचा दगड. तिसऱ्यात नुसती कोरीव भिंत. चौथ्यात तीच भिंत, आणि पलीकडून टाळ ऐकू येतात. नामदेव पानभर कुठेच दिसत नाहीत. हे लेखकाला सुचायचं नाही, कारण त्याला नामदेव दाखवायचे असतात. हे चित्रकाराला सुचतं, कारण त्याला चौकट भरायची असते. आणि सुचलं की लेखकाने प्रेमाने लिहिलेली तीन वाक्यं कापली जातात. लेखकाची खरी परीक्षा तिथे होते. पुजाऱ्याच्या तोंडी घातलेला बाणेदार संवाद, निवेदनाची पट्टी, ‘इतक्यात चमत्कार घडला’ असली ओळ, हे सगळं जायला हवं. टाळांचा आवाज तेवढा ठेवावा. तोही अक्षर काढणाऱ्याने भिंतीच्या कडेवर बारीक काढला तर, ठळक काढला तर नाही.

एकत्र काम करणं म्हणजे सगळ्यांनी सगळ्यात तोंड घालणं, असा एक भाबडा समज असतो. अमेरिकेत साठच्या दशकात मार्व्हलने वेगळीच रीत चालवली. स्टॅन ली कथेचा नुसता आराखडा देई, जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिटको त्यावरून अख्खा अंक काढत आणि मग ली फुग्यांत संवाद भरी. वेग प्रचंड. १९६१ साली ‘फँटॅस्टिक फोर’, १९६२ साली स्पायडरमॅन, आणि पुढे कित्येक वर्षं कोणी काय केलं यावरून भांडण. कथेची हाडं चित्रकाराने बसवली असतील तर लेखक कोण? कर्बींच्या वारसांचा वाद मिटला तो २०१४ साली, कर्बी जाऊन वीस वर्षं झाल्यावर. बॅटमॅनवर बॉब केन यांचंच नाव राहिलं. त्याला टोपी-झगा आणि स्वभाव देण्यात मोठा वाटा असलेल्या बिल फिंगर यांना अधिकृत श्रेय मिळायला २०१५ साल उजाडलं. सुपरमॅन तर सीगल आणि शूस्टर या दोन पोरांनी १९३८ साली १३० डॉलरला विकून टाकला होता.

नर्सीच्या परंपरेत याहून जुना आणि जास्त गुंतागुंतीचा दाखला सापडतो. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला आणि घरातल्या सगळ्यांनी तो वाटून घेतला, अशी आख्यायिका आहे. आई गोणाई, बायको राजाई, मुलं, सुना. आणि गंगाखेडहून आलेली जनाबाई. एका शिंप्याच्या घरात चाललेलं हे काम. संकल्प पुरा झाला नाही, म्हणून तीनेक शतकांनी नामदेव विठ्ठलाला बरोबर घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि उरलेलं काम त्यांच्यावर सोपवून गेले. हे खुद्द तुकोबांनीच सांगून ठेवलं आहे. मालिका एका लेखकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची याहून थोर पद्धत कोणत्या प्रकाशन संस्थेला जमली असेल?

पण सोपवताना नाव काय करायचं? जनाबाईंनी आपली मुद्रा नामयाला जोडूनच ठेवली, तरी स्वतःचं नाव गाळलं नाही. ‘नामा’ ही मुद्रा मात्र पुढच्या कित्येकांनी वापरली. विष्णुदास नामा हा नंतरचा वेगळा कवी, हे अभ्यासकांना वेगळं काढून दाखवावं लागलं. गाथेत या दोघांची सरमिसळ कुठवर झाली आहे याची चर्चा अजून सरलेली नाही. ख्रिश्चन नोव्हेत्झके यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सगळ्याकडे कीर्तनाच्या अंगाने पाहिलं: कीर्तनकाराचं बाड, त्याने लावलेली चाल, त्याने जोडलेलं कडवं. तिथे कर्तृत्व उभं राहतं ते म्हणण्यातून, मालकी हक्कातून नव्हे. हे वाचताना वाटतं की नागराजचा जन्म बदलणाऱ्या सिन्हांनीही असंच काहीसं केलं. फरक इतकाच की नामा म्हणून गाणाऱ्याला पगार नव्हता आणि हक्कही नव्हता, त्याला हवा होता तो नामदेवांच्या नावाचा आधार. कॉमिक काढणाऱ्याला घरभाडं भरायचं असतं. परंपरेची थोरवी सांगून चित्रकाराचं नाव गाळायचं, ही आपल्याकडची चलाखी जुनी आहे आणि ती मुळीच चालू देऊ नये.

श्रेयाचा आणखी एक नमुना औंढ्याच्या शेजारीच येऊ घातला आहे. लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा औंढा नागनाथच्या परिसरात उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात जोडलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेझर. दूरवर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडतो आणि तो मोजायचा. अमेरिकेतल्या अशाच जोडवेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर टिपली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या लेखकांची संख्या हजारावर होती. नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने. त्यात भारतातलेही अनेक. आरसा घासणारा आणि समीकरण मांडणारा एकाच यादीत. कॉमिकच्या मागच्या पानाला हे का जमू नये, याचं पटेल असं उत्तर मिळत नाही.

आता मोह पाहा. एका बाजूला फिरलेलं देऊळ, दुसऱ्या बाजूला अवकाश-काळाची थरथर मोजणारं यंत्र. कोणाही उत्साही लेखकाच्या डोक्यात पहिल्या पाच मिनिटांत येणार: देऊळ फिरलं ते गुरुत्वीय लहरीने, आणि बसमतच्या मोंढ्यावर हळदीची पोती उचलणाऱ्या पोराला त्या लहरीमुळे ताकद मिळते. हे लिहिलं की दोन्ही गोष्टी मेल्या. नामदेवांच्या गोष्टीची सगळी धार अशी आहे की ज्याला मागे लोटलं त्याच्याकडे देव वळला; तिथे लहर आणली की पुजारी निर्दोष सुटतात आणि अन्यायाचा भौतिक अपघात होतो. विज्ञानाची बाजू तर याहून वाईट. दगड फिरवणारी लहर आली असती तर ऐकायला हिंगोली जिल्हा शिल्लक राहिला नसता. चार किलोमीटरात प्रोटॉनहूनही सूक्ष्म, इतका नाजूक तो प्रकार आहे, आणि त्यातली गंमत नाजूकपणातच आहे. सहकार्याचा सर्वांत मोठा फायदा इथे होतो: टेबलाभोवती चौघे असले की एखादा तरी ‘अहो, हे नको’ म्हणतो. एकट्या लेखकाला स्वतःची कल्पना फार लवकर आवडते.

मग नायक कोणता? बहुधा कमी ताकदीचा. अनुपम सिन्हांनीच १९८७ साली सुपर कमांडो ध्रुव काढला होता, ज्याच्याकडे कसलीच दैवी शक्ती नाही. तो सर्कशीत वाढलेला, हुशार आणि चपळ. हिंगोलीच्या नायिकेला नुसतं ऐकू चांगलं येत असेल तरी पुरे. वेधशाळेला दूरवरच्या वाहनाची धडधडही त्रास देते, तशी तिला कयाधूच्या पात्रातल्या रात्रीच्या वाळूउपशाची धडधड ऐकू येते. तिचे कपडे कोणत्या रंगाचे, हे लेखकाने लिहू नये. हळद शिजवायच्या दिवसांत या भागात हातापायांवर, कपड्यांवर, रस्त्यावर जो पिवळा चढतो, तो रंगकाराला ठाऊक असेल तर तो योग्य जागी वापरेल. नसेल तर त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा बसमतला न्यावं.

आणि पहिली चौकट काढण्याआधी कागद करावा. नायिका कोणाची, गट फुटला तर कोण काय नेणार, दुसऱ्या अंकाला नवा चित्रकार आला तर पहिल्याचं नाव कुठे राहील. हे बोलायला संकोच वाटतो. मित्रामित्रांत करार कसला, असं म्हणतात. नागराजचंच उदाहरण समोर आहे. राजकुमार गुप्तांच्या पश्चात राज कॉमिक्स त्यांच्या तीन मुलांमध्ये विभागलं गेलं. संजय, मनोज आणि मनीष या तिघांच्या नावांचे तीन ठसे आज बाजारात आहेत आणि तिघेही नागराज छापतात. वाचक दुकानदाराला विचारतो, ‘हा कोणता नागराज?’ तेव्हा दुकानदार चित्रकाराचं नाव सांगत नाही, भावाचं सांगतो.