डिलीट केलेला हिशेब

कॉम्प्युटर सुरू झाला नाही की माणसं धरून चालतात, आतलं सगळं गेलं. बहुतेक वेळा तसं नसतं. रॅम काढून, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसून परत बसवली की बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. कधी एसएमपीएस उडालेला असतो, कधी मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, कधी फक्त विंडोज बिघडलेली असते. आमच्या खर्डीत पावसाळ्यात लाईट जाऊ-येऊ लागली की मला असे फोन जास्त येतात. गावातला पोरगा सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला म्हणजे त्याला मिक्सरसुद्धा दुरुस्त करता येत असणार, असा समज आहे. तो खोडून काढायचा नाद मी सोडलाय.

हार्डडिस्क टकटक वाजत असेल तर तिला हात लावायचा नाही, बंद करून लॅबकडे पाठवायची. वाजत नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायचा, डिस्कवर एक अक्षरही न लिहिता तिची हुबेहूब प्रत काढायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं. इथवर सगळं सरळ आहे. पुढची अडचण अशी, की मालकाने स्वतःच्या हाताने डिलीट केलेलंही परत येतं.

कारण जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर डिलीट म्हणजे पुसणं नव्हे. ग्रामपंचायतीच्या वहीत घराची नोंद खोडली आणि घर तसंच उभं राहिलं, असा तो प्रकार आहे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतलं सामान जागच्या जागी असतं. फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर वही बघतच नाही. ते दारोदार फिरतं आणि मिळेल ते उचलून आणतं. फायलींची नावं मात्र येत नाहीत, नुसते आकडे येतात. काय आहे ते उघडूनच बघावं लागतं.

एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनींच्या मोबदल्याचे पैसे आले आणि घराघरांत हिशेब सुरू झाले. आमच्या ओळखीच्या एका काकांनी आपल्या वाट्यातले पैसे धाकट्या भावाला उसने दिले होते, तीन-चार वेळा मिळून. काका शिक्षक, त्यामुळे टिपून ठेवायची सवय. काका गेले, काही महिन्यांनी कॉम्प्युटरही सुरू व्हायचा थांबला. काकू म्हणाल्या, त्यात हिशेब आहे, तेवढा काढून दे. तारखा कळल्या असत्या तर पासबुकातल्या नोंदी जुळवता आल्या असत्या.

डिस्क चांगली निघाली. पेन्शनची कागदपत्रं, नातवाचे फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनाची भाषणं, सगळं आपापल्या फोल्डरात नावासकट. हिशेब नव्हता. मग डिस्कची रिकामी समजली जाणारी जागा धुंडाळली. काका शेवटपर्यंत श्रीलिपीत टाइप करत. तो फॉन्ट नसेल तर अशी फाइल इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसते. ‘हिशेब’ असा युनिकोडमधला शब्द टाकून शोधायची सोय नाही. फॉन्ट मिळवून एकेक फाइल डोळ्यांनी पाहिली. हिशेब सापडला. तारखा, रकमा, भावाचं नाव.

आता, तो डिलीट केलेल्या जागेत का होता? चुकून बटण दाबलं गेलं असेल. वर्ड अधूनमधून तात्पुरत्या प्रती करून टाकून देतं, त्यातली एखादी असेल आणि खरी फाइल कुठल्या पेनड्राइव्हवर असेल. किंवा एका संध्याकाळी काकांनी ठरवलं असेल, जाऊ दे, भाऊच आहे, आणि उधारी पुसून टाकली असेल. डिस्क कृती जपते, हेतू जपत नाही. माफ केलेलं कर्ज मी उकरून काढत होतो का, हे सांगू शकणारा माणूस उरला नव्हता.

बुडालेलं परत येण्याची आपल्याकडची सगळ्यांना ठाऊक गोष्ट तुकोबांच्या गाथेची. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी कथा आहे. त्या वर यायला नको होत्या असं कुणाला वाटत नाही, कारण तुकोबांनी त्या राजीखुशीने बुडवल्या नव्हत्या. त्या परत मिळाव्यात म्हणून ते उपाशी काठावर बसले होते. उलटं टोक काफ्काचं. आपलं लिखाण न वाचता जाळावं, असं त्याने मित्राला, मॅक्स ब्रॉडला लिहून ठेवलं होतं. १९२४ मध्ये काफ्का गेला आणि पुढच्याच वर्षी ब्रॉडने ‘द ट्रायल’ छापली. जग ब्रॉडचे आभार मानतं. पण तो न्याय मला इथे लावता येत नाही. ब्रॉड सुटतो तो कादंबरी मोठी निघाली म्हणून. काकांच्या फाइलमधून जगाला काही मिळणार नव्हतं, एका बाईला तिचे पैसे मिळणार होते आणि एका दिराशी कायमचं वाकडं येणार होतं.

फाइल दडवून ठेवणं हा एक मार्ग होता. ‘सापडली नाही’ म्हटलं असतं तर पटलंही असतं. पण मग काकांच्या मनात काय होतं ते मीच ठरवल्यासारखं झालं असतं, आणि तेही त्यांच्या बायकोच्या पैशांवर. नुसती फाइल हातात ठेवणंही मला अर्धवट वाटत होतं. जमिनीत सापडलेलं नाणं कुठल्या थरात मिळालं हे लिहून ठेवलं नाही तर पुरातत्त्ववाल्यांना त्या नाण्यापासून फारसं काही कळत नाही. तसंच हे. फाइल पुसलेल्यांत मिळाली, ही बाब हिशेबाइतकीच महत्त्वाची होती. म्हणून मी दोन्ही सांगितलं, आणि पुसण्याची तिन्ही कारणं शक्य आहेत हेही सांगितलं.

काकू बराच वेळ प्रिंटआउट बघत बसल्या. मग म्हणाल्या, “त्यांनी भावाला माफ केलं असेल तर केलं असेल. पण जमीन काय त्यांच्या एकट्याची होती काय रे? लावणीला चिखलात मी पण होते.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांची इच्छा मोडतेय की नाही यावर मी इतके दिवस डोकं खाजवत होतो आणि ती इच्छा एकट्याने करण्याजोगी होती का, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. पुढे त्यांनी दिराला कागद दाखवला की नाही, मी विचारलं नाही. माझ्याकडच्या प्रतीवर शून्यं लिहून ती खरोखरची पुसली, मूळ डिस्क त्यांना परत दिली.

असे पेच पुढे कमी येतील. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत डिलीट केलेलं बहुधा लवकरच खरंच जातं. वर कित्येक विंडोज लॅपटॉप बिटलॉकरने कुलूपबंद असतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एकदम बंद पडले, तेव्हा बिटलॉकरची अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की शोधताना भल्याभल्या कंपन्यांची तारांबळ उडाली होती. घरात ती की एकालाच ठाऊक असेल आणि तो माणूस गेला, तर पुसलेलं आणि न पुसलेलं सारखंच जाणार. म्हणून हल्ली कुणी नवीन लॅपटॉप दाखवायला आणला की मी ती की कागदावर उतरवून देतो आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायला सांगतो.