चित्र क्रमांक ४५

ईस्टरच्या कार्डावर पुनरुत्थानाचे चिन्ह म्हणून फुलपाखरू असते. अळी कधी नसते. भाजीत अळी निघाली की आपण शहारतो आणि अंगणात फुलपाखरू आले की मुलांना हाका मारतो!

मारिया सिबिला मेरियन ह्या चित्रकर्तीने असा भेद केला नाही. तिचा जन्म १६४७ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी झाला. किडे चिखलातून आपोआप उपजतात, असे त्या काळी पुष्कळ लोक मानत. ही मुलगी तेराव्या वर्षापासून रेशमाचे किडे पाळून पाहत बसे. पुढे तिने अळी, कोश, फुलपाखरू आणि अळीला पोसणारे झाड हे सारे एकाच चित्रात आणले. अळी कशावर वाढली हे दाखवल्याशिवाय तिचे चित्र पुरे होत नसे.

१६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतील सुरीनामला गेली. तेथे डच लोकांचे उसाचे मळे होते आणि राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. साखर सोडून किडे शोधणाऱ्या ह्या बाईला मळेवाले हसत. दोन वर्षांनी ती आजारी होऊन परतली. १७०५ मध्ये ॲमस्टरडॅमला तिचे ६० चित्रांचे पुस्तक निघाले. चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी हाताने रंगवलेली.

त्यातले ४५वे चित्र पाहा. तांबडी-पिवळी फुले, अळी, कोश, पतंग. झाड आपल्या ओळखीचे आहे, शंकासूर. सोबतच्या मजकुरात मेरियन लिहिते की, मालकांच्या छळाने गांजलेल्या गुलाम स्त्रिया ह्या झाडाच्या बियांनी गर्भ पाडतात, आपले मूल गुलाम होऊ नये म्हणून. हे त्या स्त्रियांनीच तिला सांगितले होते.

गर्भातील जीव देवाचा आहे, तो घेण्याचा हक्क कोणालाही नाही. हे मी मानतो आणि ह्या चित्रासमोरही ते सोडायला तयार नाही. पण भीती आणि सक्ती असेल तर करणाऱ्याचा दोष कमी होऊ शकतो, असेही आपली धर्मशिकवण सांगते. मग कमी झालेला तो भार जातो कोठे? मळेवाल्याकडे, हे सोपे उत्तर झाले. ॲमस्टरडॅमला बसून ती साखर खाणाऱ्याचे काय? आणि खुद्द मेरियनचे? रानात तिच्यापुढे कुऱ्हाडीने वाट काढणारेही गुलामच होते. गुलामांना मायेने वागवावे, असे तिने लिहिले. गुलामी मोडावी, असे नाही. तरी तिने लिहिले म्हणून तर आपल्याला कळले. इतरांनी फूल पाहिले आणि पान उलटले.

सुरीनाममधील गुलामी कायद्याने बंद झाली ती १८६३ साली. मेरियनशी बोललेल्या त्या स्त्रियांची नावे पुस्तकात नाहीत.